रेटिंग नऊ, पण मला कंटाळा आला

ताई, नमस्कार.

मी नागपूरला मनीषनगरात राहते. वय ४९, एका पतसंस्थेत नोकरी. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि संध्याकाळी घर एकदम रिकामं वाटायला लागलं. तेव्हापासून रात्री आम्ही दोघं टीव्हीवर काही ना काही लावतो, कधी सिनेमा, कधी वेबसिरीज. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांच्या मालिका आटोपल्या की त्याही थोडा वेळ बसतात. बघून झालं की मी एका जुन्या डायरीत चार-सहा ओळी लिहून ठेवते. आधी ते फक्त माझ्यापुरतं होतं. दिवाळीपासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लागले. नणंदा, जाऊबाई, भाचे सगळे वाचायचे, ‘मामी, या शनिवारी काय बघू?’ विचारायचे. बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात एका गाजलेल्या गुन्हेगारी मालिकेबद्दल लिहिलं, ‘तिसऱ्या भागानंतर फार लांबण लावली आहे. बायका फक्त रडायला नाहीतर मरायला ठेवल्या आहेत. मला कंटाळा आला.’ पाच मिनिटांत माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे यांच्या मोठ्या भावाचा मेसेज, ‘आयएमडीबीवर नऊ रेटिंग आहे. लाखो लोक येडे आहेत का? पोळ्या करता करता बघून राहिली, तुला काय समजणार त्यातलं!’ खाली सगळ्यांचे हसून लोळणारे इमोजी. त्यात एक आमच्या यांचाही. रात्री जाऊबाईंनी मला एकटीला लिहिलं, ‘मलाही बोअरच झालं होतं, पण यांच्यापुढे कोण बोलणार.’

त्या दिवसापासून ग्रुपवर टाकणं बंद केलं. डायरी चालू आहे, काही पानांचे फोटो सोबत पाठवते. सिनेमाबद्दल मत द्यायला काही शिकलेलं असावं लागतं का? ऑनलाइन कोर्स असतात, तसा एखादा करू का? की गप्प बसू? आणि खरं सांगायचं तर पोळ्या करता करता बघते, हे काही खोटं नाही.

— एक वाचक, नागपूर

नमस्कार.

लिहा. कोर्स सध्या नको. पोळ्यांचं मात्र बोलावं लागेल, कारण तिथे तुमचे भासरे अर्धे बरोबर आहेत.

आधी तो नऊचा आकडा बघू. नऊ म्हटलं की आपल्या शाळकरी डोक्याला शंभरात नव्वद मार्क दिसतात. ते तसं नसतं. आयएमडीबी ही सिनेमा-मालिकांची माहिती देणारी वेबसाइट. ती १९९० मध्ये सिनेमाच्या शौकिनांनी सुरू केली, १९९८ पासून ती अ‍ॅमेझॉनच्या मालकीची आहे. तिथे कुणीही नोंदणी करून एक ते दहापैकी आकडा देऊ शकतं. त्यांची सरासरी काढतात, तीही सरळ बेरीज-भागाकाराची नाही. कुठल्या मताला किती वजन द्यायचं ते कंपनी ठरवते आणि कसं ठरवते ते पूर्ण सांगत नाही. आता मला सांगा, काम सोडून आकडा द्यायला जातं कोण? ज्याला मालिका डोक्यावर घ्यावीशी वाटली तो, नाहीतर जो पार चिडला तो. तिसऱ्या भागाला उठून कणीक मळायला गेलेली बाई हात धुऊन ‘पाच’ नोंदवायला बसत नाही. तुमच्या जाऊबाईही बसल्या नसतील. म्हणजे त्या नऊमध्ये तुमच्याच घरची दोन मतं धरलेली नाहीत.

उद्या भासरे टक्केवारी घेऊन आले तर तेही माहीत असू द्या. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या वेबसाइटवर नव्वद टक्के दिसले म्हणजे सिनेमाला नव्वद गुण मिळाले असं नाही. शंभर समीक्षकांपैकी नव्वदांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ या बाजूला टाकला, एवढंच. सगळ्यांना तो जेमतेम बरा वाटला तरी पाटीवर शंभर टक्के झळकू शकतात. आणि नेटफ्लिक्सचं टॉप टेन तर आवडीचं मोजमापच नाही. जून २०२३ पासून तिथे एकूण पाहिले गेलेले तास भागिले कार्यक्रमाची लांबी असा हिशेब असतो. सोफ्यावर कुणी घोरत असताना पुढचा भाग आपोआप सुरू झाला, तर तो वेळही त्यात जमा. पूर्वी तिथे पाच तारे देता यायचे. २०१७ मध्ये ते काढून अंगठा वर की खाली एवढंच ठेवलं, २०२२ मध्ये ‘फारच आवडलं’साठी दोन अंगठ्यांची सोय केली. जगभरच्या शिकल्या-सवरलेल्या प्रेक्षकांना अंगठेबहाद्दर करून ठेवलं, असं मी म्हणते.

रेटिंग टाकाऊ आहे असं नाही. रात्री साडेनऊला पन्नास पोस्टरांसमोर रिमोट धरून बसलं की काय लावावं सुचत नाही, तेव्हा त्याचा आधार होतो. पण एकदा बघून झालं की त्याचं काम संपलं. तुम्हाला कंटाळा आला की नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? लाखो लोक वेडे नाहीत, आणि त्यामुळे तुम्हीही वेड्या ठरत नाही.

आता शिकण्याचं. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात नाटकाच्या मध्यंतरात कधी बाहेर उभ्या राहा. चहाचा कप हातात घेऊन जी मतं चाललेली असतात, ती देणाऱ्यांपैकी कुणी नाट्यशास्त्राची पदवी दाखवून आत आलेलं नसतं. ‘पहिला अंक ढिला आहे.’ ‘ती बाई फार ओरडते.’ ‘नेपथ्य झकास, पण दार लावलं की भिंत हलते.’ एकेकाळी सदरच्या लिबर्टीतून नाहीतर बर्डीच्या जानकी टॉकीजमधून सुटलेली माणसं स्टँडवर सायकलचं कुलूप काढता काढता सिनेमाचा निकाल लावूनच घरी निघायची. तिथे ‘तुला काय समजते’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, कारण तिकीट दोघांनीही काढलेलं असायचं. घरी तिकीट दिसत नाही. वर्षाचे पैसे एकदाच कटतात, रिमोट ज्याच्या हातात तो मालक, आणि ज्याने आठही भाग एका दमात संपवले तो जाणकार. एवढंच झालंय.

तुमच्या डायरीची पानं मी दोनदा वाचली. ‘स्कॅम १९९२’ या २०२० च्या मालिकेवर तुम्ही लिहिलं आहे, ‘बँक रिसीट हातात आली की समोरचा माणूस खाली रोखे आहेत की नाहीत ते बघतच नाही. आमच्याकडे तारणाच्या ठेवीची पावती फाइलला नसेल तर साहेब कर्जाचा कागद पुढे सरकवत नाहीत. हे बघताना पोटात गोळा आला.’ ही ओळ लिहायला कुठला कोर्स लागला? ती मालिका ज्यावर बेतली आहे, त्या हर्षद मेहता प्रकरणाची गोम तीच होती. बँका आपसात सरकारी रोख्यांचे व्यवहार करायच्या, प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘पुढे देऊ’ असा कागद द्यायच्या, आणि काही बँकांनी तर मागे रोखे नसतानाच असे कागद काढले. पुष्कळ लोकांनी त्या मालिकेचं संगीत, संवाद, नटाचं हसणं उचलून धरलं, आणि ते धरण्यासारखं आहेच. पण तो कागद बघून पोटात गोळा येण्यासाठी आयुष्यभर व्हाउचर तपासलेली व्यक्तीच लागते. तुम्ही जिथे काम करता, जिथे राहता, जी भाषा बोलता, तिथून तुम्हाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. तिथे तुम्ही बिनधास्त बोला.

दुसऱ्या पानावर सासूबाईंचं वाक्य टिपलं आहे, ‘हा डोळे पुसतो, पण नाक ओढत नाही. खोटं रडतो.’ त्यांना माझा नमस्कार सांगा. हे वाचल्यापासून पडद्यावर कुणी रडायला लागलं की माझं लक्ष थेट नाकाकडे जातं आणि भले भले नट उघडे पडतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही नजर आहे, तर त्यांना मालिका संपल्यावर थोडाच वेळ का बसवता? पूर्ण सिनेमाला बसवा. त्या काय म्हणतात तेही लिहून ठेवत चला, त्यांच्या नावाने.

मग ‘झुंड’चं पान. मार्च २०२२ मध्ये आलेला नागराज मंजुळेंचा हा सिनेमा आपल्याच गावातला. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला लावलं, त्यावर बेतलेला. तुम्ही लिहिलंय, ‘अमिताभ असूनही लक्षात पोरं राहतात. बोलणं आपलं आहे, कुठेच खोटं वाटलं नाही. पण सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. उत्तरार्धात पासपोर्टच्या कागदांचं फार ताणलंय, ते कापायला हवं होतं.’ पहिल्या दोन वाक्यांना माझी दाद. शेवटचं मला मान्य नाही. त्यातल्या एका मुलीचा बाप तिच्या पासपोर्टला लागणाऱ्या ओळखीच्या कागदासाठी या दारातून त्या दारात फिरतो, ते ताणलेलं आहे हे खरंच. पण ते झटपट आटोपलं असतं तर आपण ‘बरं झालं, मिळाला कागद’ म्हणून पुढे गेलो असतो. आपण बसल्या जागी वैतागतो, आणि तो माणूस वैतागतही नाही, नुसता पुढच्या दाराकडे निघतो. तुम्ही पतसंस्थेच्या काउंटरच्या या बाजूला बसता, म्हणून तुम्हाला ते लांबलं असेल का? सहज विचारते, टोमणा नाही. सामने मात्र थोडे कमी चालले असते, तिथे कात्री लावायला माझी ना नाही.

बघा, आपलं मत जुळलं नाही आणि कुणाचं काही बिघडलं नाही. का? कारण तुम्ही जागा दाखवली. ‘उत्तरार्ध, पासपोर्टचे कागद’ असं म्हणालात म्हणून मला तिथे जाऊन उलटं बोलता आलं. आता ग्रुपवरची तुमची तीन वाक्यं परत वाचा. ‘बायका फक्त रडायला नाहीतर मरायला ठेवल्या आहेत.’ हे पक्कं आहे. ज्याला पटत नाही त्याने न रडणारी, न मरणारी एक बाई दाखवावी. ‘मला कंटाळा आला.’ हेही खरं, पण त्यात दुसऱ्याला धरण्यासारखं काही नाही. आणि ‘फार लांबण लावली आहे’ हे वाक्य कुठल्याही सिनेमाला, लग्नाला, भाषणाला चालेल. त्याऐवजी समजा लिहिलं असतं, ‘चौथ्या भागात इन्स्पेक्टर तीच फाइल तीनदा उघडतो आणि तिन्ही वेळा त्याला तेच कळतं’, तर भासऱ्यांना भांडायला ती फाइल मिळाली असती. फाइल नव्हती, म्हणून ते तुमच्याशी भांडले.

लांबण लागली असं वाटलं की स्वतःला एकच विचारायचं, कुठला प्रसंग काढला तर काही बिघडणार नाही? नेमका प्रसंग सापडला तर लिहा. सापडला नाही तर लांबणीचं कारण दुसरीकडे असतं, कदाचित आपल्या झोपेत. आपल्या नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकले, दिग्दर्शक नंतर झाले. त्यांचा एखादा सिनेमा याच नजरेने लावून बघा. तुम्हाला कोर्सच करायचा आहे ना, मग हाच करा. आवडलेला सिनेमा दुसऱ्यांदा लावायचा आणि मधली दहा मिनिटं आवाज बंद करून बघायची. कोण कुणाकडे कधी बघतं, कॅमेरा कुणाजवळ थांबतो, चित्र कुठे तुटतं, हे दिसायला लागतं. फी नाही, सर्टिफिकेट नाही.

आता पोळ्या.

रोजच्या मालिका कानाने बघण्यासाठीच रचलेल्या असतात. अर्ध्या तासातल्या जाहिराती गेल्या की बावीस-तेवीस मिनिटं उरतात. त्यात मागच्या भागातलं परत सांगायचं, प्रत्येक बातमी तीन पात्रांनी तीनदा बोलायची, काही भयंकर झालं की मागे धडाम वाजवायचं. म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईला मान वळवायची वेळ कळते. तो कारागिरीचाच भाग आहे, त्यांना आपला प्रेक्षक कुठे उभा आहे ते माहीत आहे. अशी मालिका पोळ्या करता करता बघून तुम्ही काहीही म्हणा, तुमचा हक्क शाबूत.

पण सगळं तसं रचलेलं नसतं. ‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणेंचा २०१४ चा सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातले आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार, जे २०२१ मध्ये गेले. त्यात कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो. बोलणं संपलं तरी हलत नाही. शेवटाकडे सुट्ट्यांसाठी कोर्ट बंद होतं, माणसं बाहेर पडतात, दिवे एकेक मालवतात आणि पडदा काळा होतो. घरी बघणारे निम्मे लोक इथे ‘संपला वाटते’ म्हणून रिमोट उचलत असतील. तो संपलेला नसतो! त्यानंतर जे येतं त्याने आधीच्या दोन तासांचा रंग बदलतो. असा सिनेमा कणकेच्या हातांनी अधूनमधून बघितला तर ‘यात काही घडतच नाही’ असं वाटणारच, आणि तसं लिहिलंत तर ते सिनेमावर अन्याय करणारं होईल.

म्हणून तुमच्या त्या दोन तक्रारी मी वेगळ्या करते. बायकांबद्दलची तक्रार पोळ्या करता करताही टिकते, उलट कानाने ऐकताना ती जास्तच जाणवते : बाईचा आवाज आला की रडणं, नाहीतर किंकाळी. लांबणीची तक्रार मात्र डळमळीत आहे. तुकड्यातुकड्यांनी, उठत-बसत बघितलेली कुठलीही गोष्ट लांब वाटते, कारण मधला धागा आपल्याच हातून सुटलेला असतो. भासरे अर्धे बरोबर आहेत असं मी म्हणाले, ते इथे. यावर लपवाछपवी करायचं काही कारण नाही. नोंदीच्या डोक्यावर लिहून टाका, ‘दोन रात्रींत बघितला, पहिला तास स्वयंपाक करताना.’ वाचणारा काय ते वजन देईल. आणि ज्या सिनेमाबद्दल नीट लिहायचं ठरवाल, त्या रात्री पोळ्या ‘यांना’ लाटू द्या किंवा सरळ खिचडी टाका.

एक-दोन नोंदींमध्ये मात्र दोष सिनेमाचाही नाही आणि तुमचाही नाही, टीव्हीचा आहे. एका ऐतिहासिक सिनेमाबद्दल तुम्ही म्हणता, ‘सगळं मालिकेसारखं चकचकीत, कपडे भाड्याने आणलेले वाटतात.’ दिग्दर्शकाला बोल लावण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. सिनेमा बहुतेक सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतात, क्रिकेटचा चेंडू स्वच्छ दिसावा म्हणून. एका कंपनीत त्याला ट्रूमोशन म्हणतात, दुसरीत मोशनफ्लो, तिसरीत आणखी काही. त्याने युद्धाचं मैदानसुद्धा स्टुडिओतलं वाटायला लागतं. ते बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, आणि तोच सिनेमा दहा मिनिटं परत बघा. कपडे तेच राहतील, भाडं कमी वाटेल.

दुसरी नोंद मेमधली आहे, ‘संवाद ऐकू येत नव्हते, मारामारीत मात्र शेजारी उठले.’ मे महिन्यात नागपुरात खिडकीतला कूलर फुल्लवर असताना कुजबुज ऐकू येईल अशी अपेक्षाच चूक. पण कारण फक्त कूलर नाही. सिनेमाचा आवाज पाच-सहा स्पीकर धरून मिसळलेला असतो, बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. आपल्या चपट्या टीव्हीत दोन बारके स्पीकर, तेही खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. अ‍ॅपमध्ये आवाजाचा पर्याय ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा) असेल तर साधा, दोन स्पीकरांचा स्टीरिओ निवडा. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’ असलं काही असेल तर तेही लावून बघा, फरक पडतो. सबटायटल्स हा शेवटचा उपाय. त्याने कळतं सगळं, पण डोळे पडद्याच्या तळाशी अडकून राहतात आणि नटाच्या चेहऱ्यावरचं निम्मं निसटतं.

आता ग्रुप. भासऱ्यांना उत्तर द्यायला जाऊ नका. माझा अंदाज असा की त्यांनी ती मालिका दोन रात्री जागून संपवली असणार आणि त्यांना ती मनापासून आवडली असणार. तुम्ही ‘कंटाळा आला’ लिहिलंत, त्यांनी ‘ज्यांना आवडली ते बिनडोक’ असं वाचलं. तुम्ही तसं म्हणाला नव्हता, पण आवडत्या गोष्टीबद्दल माणूस तसंच ऐकतो. वयाने मोठे, भर ग्रुपात. मग हाताशी जो आकडा आला तो फेकला आणि जोडीला पोळ्या. बोलणं वाईट होतं, त्यात शंका नाही. तरी पुढच्या वेळी घरी आले की सरळ विचारा, ‘दादा, तुम्हाला त्यातला कुठला भाग सगळ्यात आवडला?’ खोचकपणे नाही, खरंच विचारा. बघितली असेल तर अर्धा तास बोलतील आणि त्यातलं एखादं तुम्हाला पटेलही. नुसतं रेटिंगच वाचलं असेल तर तेही तिथल्या तिथे कळेल, तुम्हाला काही म्हणावं लागणार नाही.

जाऊबाईंचा मेसेज कुठेही बाहेर काढायचा नाही. ‘बघा, घरातच कुणाला तरी माझ्यासारखंच वाटलं’ असं नाव न घेतासुद्धा लिहायचं नाही. त्या घरात नाव कळायला दोन मिनिटं लागणार नाहीत. त्यांना मात्र तुमच्या नोंदी वेगळ्या पाठवत चला. पुण्याच्या लेकीला पण. आठवड्यात तिघींनी एकच सिनेमा बघायचा आणि रविवारी फोनवर बोलायचं, एवढं ठरवलंत तर ग्रुपची फार आठवण येणार नाही. ग्रुपवर टाकायचं तेव्हा शेवट फोडायचा नाही, हे तुम्ही पाळताच असं पानांवरून दिसतं.

राहिला तो एक इमोजी. पत्रात तुम्ही त्यावर एकच छोटं वाक्य लिहिलंय आणि लगेच पुढे गेलात, त्यावरून मला वाटतं खरा काटा तोच आहे. भासरे वर्षातून चार वेळा भेटतात, पण शेजारच्या सोफ्यावर बसून रोज तोच पडदा बघणारा माणूस हसला. त्यांना सांगा. ग्रुपवर नाही, टीव्ही चालू असताना नाही, सकाळच्या चहाला. ‘तुम्ही हसलात ते मला लागलं’ एवढंच, पुढे-मागे काही जोडू नका. बहुतेक त्यांनी न वाचताच बोट दाबलं असेल. पुरुष मोठ्या भावाच्या मेसेजखाली तसं दाबतात. आणि त्यांनाही ती मालिका कशी वाटली ते विचारा. तुम्ही दोघांनी ती शेजारी बसून बघितलीत, पण त्यांचं मत तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला त्याची उत्सुकता आहे.

ग्रुपवर परतायचं तर त्या मालिकेपासून सुरुवात करू नका. ‘स्कॅम’वरचं पान आहे तसं टाका. नाकाचं वाक्य सासूबाईंच्या नावाने टाका, त्यावर भासरे काय बोलतील ते मला बघायचंच आहे. आणि तुम्ही पत्रात त्या गुन्हेगारी मालिकेचं नाव लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी कळवा. माझ्या मनात जी आहे तीच निघाली तर बायकांच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने, पण बाकी मी भासऱ्यांच्या पार्टीतली, आणि सहाव्या भागावरून आपलं वाजणार.